कोचच्या खुर्चीतून केलेली खूण

कराटेच्या क्लासला पहिल्यांदा येणारे पालक पाच मिनिटांच्या आत दोनपैकी एक वाक्य बोलतात. "मॅडम, मेडल कधीपर्यंत मिळेल?" किंवा "मॅडम, हिला जरा शिस्त लावा." मेडलवाले दोन वर्षांत मुलाला काढून नेतात. शिस्तवाले बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर मोठ्या आवाजात रील बघतात. त्यांना शिस्त लावायची सोय माझ्याकडे नाही.

गेली सव्वीस वर्षं मी संत तुकाराम नगरच्या एका हॉलमध्ये संध्याकाळचा क्लास घेते. सकाळी दोन शाळांमध्ये शिकवते. लग्नाआधी तीन वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर गेजमध्ये पार्ट घालून बघायचा. बसला तर इकडच्या क्रेटमध्ये, नाही बसला तर तिकडच्या. नोकरी सुटली, पण पटकन निवाडा करायची सवय राहिली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. चिखलीचा एक मेंटेनन्स फिटर होता, पंचेचाळिशीचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, मला फक्त दोन फटके शिकवा. तिसऱ्याची गरज पडणार नाही." शेजारी रोज त्याच्या गेटसमोर टेंपो लावायचा, एवढंच प्रकरण होतं. मी म्हटलं, पहिले तीन महिने नुसतं उभं राहायला शिकायचं. तो चिकाटीचा निघाला. दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहायचा आणि पोरं त्याला दटावायची, "काका, डावा पाय! डावा!" पाचेक महिन्यांनी मी विचारलं, शेजाऱ्याचं काय झालं? म्हणाला, "कोण? हां, तो. लावतो की अजून. मीच माझं गेट दुसऱ्या अंगाला काढलं." पुढे तो ब्राउन बेल्टपर्यंत पोचला. त्या दोन फटक्यांची त्याने परत चौकशी केली नाही.

हा किस्सा मी दरवर्षी पालकसभेत सांगते. लोक हसतात, माना डोलावतात. आज सांगणार आहे तो मात्र तिथे कधी सांगितला नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

त्याआधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. कराटेत दोन अंगं असतात. एक काता. म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, समोर कोणी नसताना करायची. श्वास, तोल, नजर, सगळं त्यात येतं. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. दुसरं अंग म्हणजे कुमिते, समोरासमोरची झुंज. त्यात गुण मिळतात, टाळ्या मिळतात, मेडल मिळतं. हाताचा ठोसा लागू पडला तर एक गुण, पोटाला लाथ लागली तर दोन, डोक्यापर्यंत पोचली तर तीन. पण गंमत अशी की चेहऱ्यावर मारायचा ठोसा जोरात निघाला पाहिजे आणि चामडीला टेकून थांबला पाहिजे. आत गेला तर गुण मिळत नाही, उलट ताकीद मिळते. आणि तुमच्या माराने समोरचा खेळूच शकला नाही, तर तुम्ही बाद आणि तो विजयी.

ऋतुजाच्या वडिलांना हे मी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं, तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे मापाच्या मायनसमध्ये चालेल, प्लसमध्ये गेलं की पार्ट रिजेक्ट." चाकणच्या एका कंपनीत ते मशीन चालवतात. इतकं नेमकं अजून कोणाला सांगता आलेलं नाही.

ऋतुजा काळेवाडीची. आईवडील लातूरकडचे. आई घरी ब्लाउज शिवते. पोरगी दुसरीत असताना माझ्याकडे आली ती दहावीपर्यंत टिकली. दोन्ही अंगांत चांगली होती, पण तिचा जीव कातात. क्लास संपताना आम्ही सगळे गुडघ्यांवर बसतो आणि पाच नियम म्हणतो. पहिला नियम 'मी खरं बोलेन' हा आहे. ते म्हणून घ्यायचं काम दोन वर्षं तिच्याकडे होतं.

माझा मूळ शिरस्ता असा होता की तीन वर्षं काता झाल्याशिवाय स्पर्धेचं नाव काढायचं नाही. मग आमच्याच रस्त्याला एक नवा क्लास निघाला. बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'मेडलची हमी'. चार महिन्यांत माझ्या तीन रांगांच्या दोन झाल्या. मी तोंडाने म्हणायचे, जाऊ देत. मनातून हलले होते. शेवटी मीही स्पर्धेची वेगळी बॅच काढली.

त्या बॅचमध्ये एकदा नियम शिकवताना मी म्हणाले, "मार लागला तर उगाच शूर बनू नका. खाली बसा, डॉक्टरांना येऊ द्या." हे योग्यच होतं. महिन्याभराने मी म्हणाले, "थोडं लागलं तरी बसा." त्यानंतर एकदा म्हणाले, "बसायचं की नाही कळलं नाही, तर माझ्याकडे बघा." तिन्ही वाक्यं सरळ वाटतात. पण लागलं नसताना खाली बसून समोरच्याला बाद करायचं, या प्रकाराला आमच्या वर्तुळात 'ॲक्टिंग' म्हणतात, आणि तो करणाऱ्या कोचना मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आले होते.

त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत ऋतुजा फायनलला पोचली. जिंकली तर विभागीय स्पर्धा, तिथून राज्य, आणि राज्यात खेळली तर दहावीला वाढीव गुण. तिला डिप्लोमाला चांगलं कॉलेज हवं होतं आणि घरात सगळ्यांनी ते गुण जवळजवळ मिळाल्यासारखे धरले होते.

समोर कोमल होती. चाकणच्या पलीकडच्या एका गावातली, दहावीचीच. काटक पोरगी. कराटे ड्रेसच्या बाह्या दोनदा उसवून लांब केलेल्या दिसत होत्या. तिचे सर म्हणजे गावच्या शाळेतले पीटीचे तरुण शिक्षक. मॅटच्या कोपऱ्यात कोचसाठी खुर्ची असते, तिच्यात परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. पण पोरीचा हात असा सफाईदार, की तपासणीवाल्या बाईने बघत राहावं. प्रत्येक ठोसा टेकायचा आणि थांबायचा.

शेवटचे बारा सेकंद उरले तेव्हा कोमल चार-दोनने पुढे होती. तिचा डावा ठोसा आला, ऋतुजाच्या ओठाला टेकला, मागे गेला. ऋतुजाने मान मागे घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तळहात खाली केला.

एवढंच. इंचभर हात हलला असेल. ती तोंड धरून खाली बसली. डॉक्टरबाई आल्या. ऋतुजाचं तोंड आठवड्यापूर्वी आलेलं होतं, तो ओठाच्या आतला फोड त्यांना लाल दिसला. "चक्कर येतेय का?" त्यांनी विचारलं. ऋतुजाने होकाराची मान हलवली. चक्कर कोणालाच तपासून बघता येत नाही. पुढे खेळू नये, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. कोमल बाद. ऋतुजाचा हात वर.

कोमलच्या सरांनी तक्रार केली नाही. पोरीला वाकून नमस्कार करायला लावला आणि बाजूला नेलं. थोड्या वेळाने ती एकटीच आली. चेहरा पांढरा पडला होता. "सॉरी," ऋतुजाला म्हणाली, "मला वाटलं थांबवला." ऋतुजाच्या तोंडाला बर्फ लावलेला होता. त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही. मला बर्फ नव्हता, तरी मीही दिलं नाही.

त्याच संध्याकाळी ऋतुजाच्या वडिलांनी मॅचचा व्हिडिओ क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अभिनंदनांची रांग लागली. मी तो तीनदा बघितला. पहिल्यांदा ठोसा बघितला, तो बरोबर थांबलेला होता. पुढच्या दोन वेळा कोपऱ्यातली खुर्ची बघितली. माझा हात स्पष्ट दिसत होता. ग्रुपवरच्या एकाही माणसाला तो दिसला नाही, कारण कोपऱ्यातल्या बाईकडे कोण बघतं?

सोमवारी क्लास संपताना नियम म्हणायची वेळ आली. ऋतुजा म्हणाली, "मॅडम, आज दुसऱ्या कोणाला तरी सांगा ना. तोंड दुखतंय." मी दुसऱ्या मुलीला सांगितलं. तोंड दुखत नसल्याचं आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी सकाळची जादा बॅच होती. दारात धोतर-टोपीतले एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले, हातात मेथीच्या दोन जुड्या. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाले, "ती काळेवाडीची पोरगी हितंच येती न्हवं? आमच्या नातीचा फटका लागला तिला. बगाया आलोय."

ऋतुजा त्या वेळी हॉलच्या मध्यभागी उडी मारून लाथ घालत होती.

मी म्हटलं, "ती बघा. बरी आहे."

आजोबांनी तिला नीट न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "व्हय की! लई बरं वाटलं, बाई. दात-बीत हालला न्हाई ना? आठ दिस झोप न्हाई घरात." मग बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. कोमल आठ दिवस ग्राउंडवर गेलेली नाही. सर दोनदा घरी येऊन गेले. ती म्हणते, माझ्या हाताला काबू नाही, मी कोणाला तरी मारून टाकीन. आणि तिचे वडील म्हणाले, बास झालं, दुसऱ्याच्या पोरीचं तोंड फोडायला पाठवायचं न्हाई. ड्रेस बांधून माळ्यावर टाकला.

"आता तुमी तिला फोन करून सांगा," आजोबा म्हणाले, "की पोरगी बरी झाली म्हणून. तुमचं ऐकंल ती. चार वर्सं पोरीनं जिवाचं रान केलं वो."

मी चहा मागवला. आजोबांनी बशीत ओतून प्यायला. मी म्हटलं, सांगते. ते बसस्टॉपकडे गेले. मेथी मी घरी नेली, निवडली, भाजी केली. भाजी चांगली झाली होती. मी दोन घास खाल्ले, बाकीची नवऱ्याने संपवली.

फोन मी केला नाही. बरी झाली असं सांगायचं म्हणजे लागलं होतं हे परत एकदा सांगायचं. ते काही मला जमेना.

दुसऱ्या दिवशी मी काळेवाडीला ऋतुजाच्या घरी गेले. वडील शिफ्टला गेलेले. आई मशीनवर होती, ऋतुजा दाराशी पुस्तक घेऊन. मी आईला सरळ सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"मॅडम, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा."

"खूण कोण केलं?"

"मी."

"मग मार्क माझ्या लेकराचे का जायचे? तुमचं काय जायलंय?"

सव्वीस वर्षांत मला एवढा सरळ ठोसा कोणी मारला नव्हता. मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. माझं जे जायचं ते जाईल, ते मी बघते. मार्कांचं बोलायला मी आलेच नाही. त्या मुलीला खरं सांगायला मी रविवारी जाणार आहे. एकटीही जाईन. ऋतुजाला यायचं असेल तर तिने ठरवावं."

"मी येते," ऋतुजा म्हणाली.

"तू गप. तुला कोण विचारायलंय?"

"मॅडमच विचारतायत की."

आईने दाताने दोरा तोडला. ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मग मी बी येते. तिथं कोण काय बोललं तर? ह्या लेकराला तुम्ही मार खायला शिकवलंय, बोलणं खायला न्हाई."

रविवारी आम्ही तिघी बसने गेलो. कोमलचं घर सिमेंटचं, नवं. मागच्या अंगाला कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची रांग, दोरीवर एकसारखे निळे शर्ट वाळत घातलेले. पलीकडे गोठा, त्यात दोन गाई. कोमलचे वडील युनिफॉर्म घालून, हेल्मेट हातात घेऊन सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. आजोबांना वाटलं, आम्ही पोरीला समजवायला आलो. खुर्च्या मांडायची धांदल उडाली.

मी बसलेच नाही. बसल्यावर बोलणं अवघड होतं. म्हटलं, "आजोबा, तुमच्या नातीचा ठोसा बरोबर थांबला होता. ऋतुजाला लागलं नव्हतं. मी तिला खाली बसायची खूण केली होती."

आजोबांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "म्हंजी... नाटक?"

"हो."

"पर त्या डाक्टरीनबाई..."

"त्यांनाही खोटं सांगितलं."

कोमलचे वडील म्हणाले, "म्याडम, तुमच्याकडं पोरं शिस्त शिकाया येत्यात ना?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही. चूक केली."

कोमल आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं होतं, रडेल. ती पायरी उतरून थेट ऋतुजासमोर आली.

"आणि मी तुला सॉरी म्हणले."

"हो."

"तू बर्फ लावून नुसती बघत होतीस माझ्याकडं."

"हो."

"इतके दिवस माझा धाकटा भाऊ जवळ आला तरी मी मागं सरकते. माहितीय का तुला?"

 ऋतुजाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि चेहरा पुढे केला. "मार."

"मारू?"

"म्हणजे चामडीला टेकव. मी हलणार नाही."

"अगं ए!" ऋतुजाची आई खुर्चीतून उठली. मी हात धरून तिला परत बसवलं.

हे आमच्याकडचं जुनं शिक्षण आहे. एकाने हात बांधून उभं राहायचं, डोळा मिटायचा नाही. दुसऱ्याने जोरात ठोसा काढायचा आणि नाकाच्या शेंड्यावर थांबवायचा. मारणाऱ्यापेक्षा उभं राहणाऱ्याला जास्त जिगर लागते, आणि मारणाऱ्याला समजतं की आपल्यावर कोणीतरी इतका भरवसा टाकलाय.

कोमलचा पहिला ठोसा वीतभर अलीकडे थांबला.

"लांब आहे," ऋतुजा म्हणाली.

दुसरा चार बोटं.

"अजून लांब. घाबरतेस काय?"

"गप उभी राहा ना!"

तिसरा, चौथा. तेही अलीकडेच. भाड्याच्या खोल्यांतली, रात्रपाळी करून नुकतीच उठलेली दोन पोरं बाहेर येऊन, टूथब्रश तोंडात धरून बघायला लागली. मी जुन्या सवयीने बाजूला वाकले आणि अंतर बघत राहिले. सातवा की आठवा असेल. मुठीची हाडं नाकाच्या शेंड्याला टेकली आणि तिथेच राहिली. ऋतुजाची पापणी लवली नाही.

"टेकला," मी म्हटलं.

कोमलने परत काढला. टेकला. उजवा काढला. टेकला. मग तिला राग आला. इतका वेळ भीती होती, तिच्या जागी आता राग आला. ते तिच्या खांद्यावरून दिसलं आणि मला वाटलं, आता थांबवावं. पण त्या दिवशी खुणा करायचा हक्क मला नव्हता. ठोसा आला तो फायनलपेक्षा वेगात आला, हवा कापत. आणि टेकून थांबला.

कोमलने हात खाली घेतला. दम लागला होता. "खरं म्हणजे लागायलाच पाहिजे होता तुला."

"मग बसायला खुणेची गरज पडली नसती," ऋतुजा म्हणाली.

दोघी हसल्या नाहीत. मैत्री वगैरे लगेच झाली नाही. पण कोमलचे वडील, ज्यांना एव्हाना शिफ्टला उशीर झाला असणार, हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता पोरीला म्हणाले, "माळ्यावर हाय ड्रेस. शिडी लावून काढ, खुर्चीवर चढू नको."

परतीच्या बसमध्ये ऋतुजा म्हणाली, "मी विभागीयला नाही जाणार. तिला जाऊ दे."

तिच्या आईने उरलेले सुटे पैसे मोजून पाकिटात ठेवले. मग म्हणाली, "पाचला उठून गणितं करायची रोज. तिथं खाली बसलीस तर कोण मार्क देणार न्हाई."

मी संयोजकांना फोन लावला. "मॅडम, निकाल फाइलला लागला," ते म्हणाले. "आता कशाला उकरताय? मुलीच्या माघारीचं पत्र द्या, दुसरी आपोआप जाईल. कारण 'वैयक्तिक' लिहा, आम्हालाही सोपं." मी कारणाच्या जागी लिहिलं की मार लागलेला नव्हता आणि कोचने खूण केली होती. पत्रावर सही फक्त माझी. उत्तर आलं की वर्षभर मला स्पर्धेत कोचच्या खुर्चीत बसता येणार नाही. तेही मी ग्रुपवर टाकलं, कारणासकट. त्या महिन्यात चार मुलं गेली. दोन आया मात्र मुद्दाम येऊन भेटल्या. त्यांतली एक म्हणाली, "बरं झालं मॅडम, आम्हाला वाटायचं तुमचं कधी चुकतच नाही. जरा भीतीच वाटायची."

स्पर्धेची बॅच मी बंद केली नाही. लोकांना वाटतं की काता म्हणजे साधुसंतांचं काम आणि कुमिते म्हणजे बाजार. तसं नाही. काता मी चाळीस वर्षं करतेय आणि तिने मला कधीही चुकताना पकडलं नाही. एकटीने करताना माणूस स्वतःच्या नजरेत बऱ्यापैकीच असतो. समोर दुसरा आला, गुण कमी पडायला लागले, बारा सेकंद उरले, की मग कळतं आपण पाच नियम तोंडाने म्हणत होतो की कशाने. फक्त एक नियम बदलला. ज्याला लागलं त्याने खाली बसायचं, आणि कोचकडे बघायचं नाही. लागलंय की नाही हे कोचला विचारून ठरत नसतं.

ऋतुजाला दहावीला हवे होते त्यापेक्षा मार्क थोडे कमी पडले. पहिल्या पसंतीचं कॉलेज हुकलं. दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजला दोन बस बदलून जाते. एकदा मी विचारलं, पस्तावतेस का? म्हणाली, "सकाळी बस भरलेली असली की पस्तावते. बसायला मिळालं की नाही." याहून खरं उत्तर मला नको होतं.

पण त्याआधीची विभागीय स्पर्धा सांगायची राहिली. ती साताऱ्याला होती. मला खुर्ची बंद, म्हणून मी प्रेक्षकांत. एका बाजूला ऋतुजा, दुसऱ्या बाजूला कोमलचे आजोबा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघितली आणि बघता बघता माझा दंड दाबून काळानिळा केला.

कोमलने पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत समोरची मुलगी उंच होती. बरोबरीत चाललेलं असताना तिचा ठोसा कोमलच्या तोंडावर आला आणि थांबला नाही. ओठ फुटला. रक्त हनुवटीपर्यंत आलं.

ऋतुजा उभी राहून ओरडली, "कोमे, बस खाली! अगं, आता खरं लागलंय!"

सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. मी तिला ड्रेस धरून खाली ओढलं. कोमलने तिच्या सरांकडे पाहिलं नाही. डॉक्टर आले, ओठ बघितला, चक्कर येते का विचारलं. ती नाही म्हणाली. खेळशील का विचारलं. हो म्हणाली. समोरच्या मुलीला ताकीद मिळाली. ती पोरगी हादरलेली होती, हात मागे मागे ठेवत होती. कोमलने रेषेवर येताना तिच्या खांद्यावर थाप मारली आणि काहीतरी बोलली. मग झुंज सुरू झाली, दोघी झटून खेळल्या, आणि शेवटच्या सेकंदाला समोरच्या मुलीची लाथ पोटाला लागली. दोन गुण. कोमल हरली.

आजोबांना काही उलगडलं नव्हतं. "कोन जिंकली, बाई?"

"समोरची."

"आन् आपली?"

"हरली. ओठ फुटलाय, पण टाके पडणार नाहीत."

"आन् त्या दुसऱ्या पोरीला? तिला काय लागलं का?"

"नाही. तिला काहीच नाही लागलं."

आजोबांनी माझा दंड सोडला, टोपी काढून घाम पुसला. "मंग झ्याक झालं की," म्हणाले. "आता आमाला मेथी घिऊन कुठं जायाला नको."